पाच मीटर पंखांचं विमान : एका धावपट्टीचा खरा पत्ता शोधताना

फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने एकच ओळ लिहिलेली होती : 'नॉर्मंडी, बी-स्ट्रिप, १९४४'. त्या ओळीवर मी विश्वास ठेवला आणि तीन आठवडे चुकीच्या देशात शोधत राहिलो. हे प्रकरण तपशिलात लिहितोय, कारण जुने विमानतळ ओळखण्याचा नाद असलेल्या अनेकांची गाडी इथेच रुतते. ती बाहेर काढायला एक भिंग, एक फूटपट्टी आणि शाळेतलं त्रैराशिक एवढं पुरतं, फक्त ते वेळेवर आठवायला हवं.

फोटो एका परिचितांच्या घरच्या अल्बममधला. ज्यांचा अल्बम ते हयात नाहीत, आणि पाठीमागची ओळ कुणाच्या हातची हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. प्रिंट साधारण २१ सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर रुंद, काळी-पांढरी, विमानातून थेट खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली. अशा लष्करी हवाई फोटोंच्या कडेला बहुधा माहितीची एक अरुंद पट्टी असते. तिच्यावर उड्डाणाचा क्रमांक, तारीख, वेळ, भिंगाचं नाभीय अंतर, विमानाची उंची आणि फ्रेमचा क्रमांक असतो. ती पट्टी शाबूत असेल तर निम्मं काम तिथेच संपतं. इथे फोटो अल्बमच्या पानात बसावा म्हणून कुणीतरी ती कात्रीने उडवली होती. काठावर चार-पाच अक्षरांची नुसती टोकं उरली होती.

ती टोकंही वाया गेली नाहीत. त्यातलं एक इंग्रजी सातचं असावं : वर आडवी रेघ, आणि तिच्या उजव्या टोकाला खाली वळणारा कोन. म्हणजे आकडा सुलटा आहे, प्रिंट आरशातल्यासारखी उलटी नाही. निगेटिव्ह उलट बाजूने लावून काढलेल्या प्रिंट जुन्या संग्रहांत बऱ्याच सापडतात. तशी प्रिंट हाती आली तर जगातल्या कुठल्याही नकाशाशी ती जुळत नाही आणि माणूस वेड्यासारखा शोधत बसतो. त्यामुळे ही तपासणी मी आता सगळ्यांत आधी करतो.

फोटोत काय होतं? मधोमध, लांबीच्या दिशेने, एक रुंद फिकट पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंना गडद, बारीक दाण्यांचा पोत, आणि त्या पोताला छेदत जाणाऱ्या सरळ फिकट रेघा. पट्ट्याच्या एका टोकाला थोड्या वेगळ्या छटेचा तितकाच रुंद तुकडा. दुसऱ्या टोकाला तसाच तुकडा सुरू होतो आणि प्रिंटच्या काठावर संपतो. पट्ट्याच्या कडेला आणि एका बाजूच्या मोकळ्या जागेत काही इवल्या फुल्या. त्या फुल्या म्हणजे विमानं.

आता पाठीमागच्या ओळीकडे येतो. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४च्या चढाईनंतर, मित्रराष्ट्रांच्या सैन्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीत भराभर तात्पुरत्या धावपट्ट्या बांधल्या. अमेरिकनांनी आपल्या पट्ट्यांना 'ए' आणि ब्रिटिशांनी 'बी' हे अक्षर लावून क्रमांक दिले. सेंट-क्रॉ-सुर-मेरची बी-३ ही त्यांतली अगदी सुरुवातीची. शेतं सपाट करायची, बांध काढायचे, लागेल तिथे लोखंडी जाळी अंथरायची आणि काही दिवसांत लढाऊ विमानं उतरवायची, अशी ती पद्धत होती. अशा पट्टीचं मूळ माप सुमारे १,२०० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद. हे माप मला पाठ होतं, आणि तिथेच मी फसलो. पाठ असलेलं माप मी फोटोवर लादलं, फोटोतून ते काढून पाहिलं नाही.

पहिला आठवडा गेला पट्टीची दिशा आणि कडेच्या रेघा नॉर्मंडीतल्या एकेका पट्टीशी ताडून बघण्यात. कडेचा गडद पोत म्हणजे तिथल्या झाडीच्या दाट कुंपणांची गर्दी, अशी मी मनाची समजूत घातली. फुल्या म्हणजे स्पिटफायर किंवा टायफून ही ब्रिटिश लढाऊ विमानं. एकही जागा जुळली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी कारणं शोधू लागलो : शेतं पुन्हा नांगरली गेली असतील, रस्ते वळवले असतील, नकाशा नंतरचा असेल. प्रत्येक कारण सुटं घेतलं तर शक्य कोटीतलंच होतं. पण एखादी जागा जुळावी म्हणून तीन-तीन सबबी लागायला लागल्या की समजावं, जागा चुकली आहे. तिसऱ्या आठवड्यात मी तोच घोळ पुन्हा पहिल्यापासून घातला.

शेवटी फोटो दाखवला तो सर्वेक्षणाच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना. हवाई फोटोंवरून नकाशे बनवण्यात त्यांचे हात झिजलेले. त्यांनी पाठीमागची ओळ वाचलीच नाही. खिशातलं भिंग काढून मिनिटभर पाहिलं आणि विचारलं, "अरे, या विमानाचा पंख किती आला तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "काका, ते अजून मोजलं नाही. पट्टी मोजली."

"पट्टी कुणी कितीही रुंद बांधील. विमान कारखान्यातून येतं, ते दर वेळी तेवढंच असतं. आधी ते मोज."

घरी येऊन मोजायला बसलो. पट्ट्याची रुंदी प्रिंटवर १५ मिलिमीटर, लांबी १८० मिलिमीटर. एका फुलीचा पंख, टोकापासून टोकापर्यंत, जेमतेम २ मिलिमीटर. आता त्रैराशिक मांडा. पट्टी नॉर्मंडीतली असेल तर १५ मिलिमीटर म्हणजे ४० यार्ड, अर्थात ३६.६ मीटर. म्हणजे फोटोचं प्रमाण सुमारे १ ला २,४४०. त्या प्रमाणात २ मिलिमीटरचा पंख किती येतो? पाच मीटर.

पाच मीटर पंखांचं लढाऊ विमान नव्हतं. स्पिटफायरचा पंख ११.२ मीटरचा, टायफूनचा १२.७. त्याच प्रमाणाने पट्टीची लांबी येत होती ४४० मीटर, म्हणजे हवी त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही आकडे पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होते, पण मी ते एकमेकांशेजारी मांडलेच नव्हते. मन खट्टू झालं हे खरं, पण अंगात हुरूपही आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच फोटो स्वतः काहीतरी सांगत होता.

प्रमाण मिळण्याआधीच एक गोष्ट मोजता येते, आणि माझ्या मते तीच पहिली मोजायला हवी : लांबी आणि रुंदी यांचं गुणोत्तर. त्याला ना उंची लागते, ना भिंगाची माहिती. फोटो थेट वरून काढलेला असला म्हणजे झालं. १८० भागिले १५, म्हणजे १२. पट्टी रुंदीच्या बारापट लांब.

हा १२ फार विचित्र आकडा आहे. नॉर्मंडीतल्या पट्टीचं गुणोत्तर ३०. ब्रिटनमध्ये युद्धकाळात बांधलेल्या प्रमाणित बॉम्बर तळांच्या मुख्य धावपट्टीचं माप २,००० यार्ड लांब, ५० यार्ड रुंद, म्हणजे ४०. त्यांच्या दोन दुय्यम धावपट्ट्या १,४०० यार्डांच्या, म्हणजे २८. शिवाय त्या तळांवर तीन धावपट्ट्या एकमेकींना साधारण ६० अंशांत छेदतात आणि भोवताली विमानं फिरवायचा गोल रस्ता असतो. इंग्रजी 'ए' अक्षरासारखी ती आकृती एकदा डोळ्यांत बसली की विसरत नाही. असे तळ इतके बांधले गेले की एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढायचं तर धावपट्ट्यांचे कोन आणि विमानं उभी करायच्या फाट्यांची मांडणी बारकाईने ताडावी लागते. १९४४पासून अतिजड बॉम्बरांसाठी वाढवलेल्या स्कल्थॉर्पसारख्या तळांवरची धावपट्टी ३,००० यार्डांची झाली, पण तिची रुंदी १०० यार्ड. पुन्हा ३०. माझ्या पट्ट्याच्या जवळपास यातलं काहीच येत नव्हतं. तो लांबीच्या मानाने अतोनात रुंद होता.

अशी पट्टी बांधायची वेळ कुणावर येईल? उतरणाऱ्या वैमानिकाला पट्टी सरळ पकडता येईल याची खात्री नसेल, त्याच्यावर.

आता विमानांकडे. प्रिंट २,४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २,४०० पिक्सेल या घनतेला, स्कॅन केली. त्या घनतेला एका मिलिमीटरमध्ये साधारण ९४ पिक्सेल येतात, म्हणजे २ मिलिमीटरचं विमान १९० पिक्सेलांच्या आसपास. एवढ्यात पुष्कळ दिसतं. मी सगळ्यांत स्वच्छ तीन फुल्या निवडल्या. एकीवर पंखांच्या पुढच्या कडेला चार बारीक दात दिसत होते. ती चार इंजिनं. शेपटीच्या आडव्या पंखाच्या दोन्ही टोकांना गडद ठिपके होते, म्हणजे दुहेरी उभी शेपटी. एकेरी शेपटीचं अमेरिकी बॉम्बर बी-१७ बाद झालं. उरली ब्रिटिशांची लँकॅस्टर आणि हॅलिफॅक्स, आणि अमेरिकनांचं बी-२४ लिबरेटर.

इथे आणखी एक गुणोत्तर कामाला आलं. विमानाची लांबी भागिले पंखांचा विस्तार. लँकॅस्टरचं ०.६८, हॅलिफॅक्सचं ०.६९, लिबरेटरचं ०.६१. लिबरेटरचा पंख लांब आणि निमुळता, म्हणून आकडा खाली येतो. माझ्या तिन्ही फुल्यांचं आलं ०.६७ ते ०.६९. लिबरेटर गेलं. लँकॅस्टर की हॅलिफॅक्स हे या फोटोवरून मी सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. लँकॅस्टरचा पंख ३१.१ मीटरचा, नंतरच्या हॅलिफॅक्सचा ३१.८. फरक दोन टक्क्यांचा.

तिन्ही पंखांची सरासरी १९३ पिक्सेल. पट्ट्याची रुंदी पाच ठिकाणी मोजली, सरासरी १,४१७ पिक्सेल. म्हणजे पट्टा विमानाच्या पंखाच्या ७.३४ पट रुंद. लँकॅस्टर धरलं तर २२८ मीटर, हॅलिफॅक्स धरलं तर २३३. लांबी, बारापटीने, २,७४० मीटरच्या घरात.

हे आकडे मी कागदावर लिहिले आणि यार्डांत फिरवले : २५० बाय ३,०००.

या मापाची माहिती असलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. युद्धाच्या मध्यावर बॉम्बर ताफे रोज रात्री बाहेर पडत आणि त्यांतली कित्येक विमानं गोळ्यांनी चाळण होऊन परतत. कुणाचे ब्रेक गेलेले, कुणाची चाकंच खाली येत नसत, कुणाचं इंधन संपत आलेलं. असं विमान नेहमीच्या तळावर उतरून आडवं पडलं की तो तळच बंद व्हायचा आणि मागून येणारी विमानं आकाशात लटकायची. यावर उपाय म्हणून इंग्लंडच्या पूर्वेला किनाऱ्याजवळ तीन खास आपत्कालीन तळ तयार केले गेले : सफोकमध्ये वुडब्रिज, यॉर्कशायरमध्ये कार्नाबी, केंटमध्ये मॅन्स्टन. तिन्ही ठिकाणी एकच धावपट्टी, ३,००० यार्ड लांब, २५० यार्ड रुंद, आणि दोन्ही टोकांना जास्तीची ५०० यार्ड गवताळ जमीन. फोटोतला वेगळ्या छटेचा तुकडा तोच. माझ्या प्रमाणाने, म्हणजे १ ला सुमारे १५,०००, ५०० यार्ड म्हणजे ३० मिलिमीटर यायला हवे होते. फूटपट्टी लावली, तीस भरले.

पट्टीचे लांबीत तीन पदर पाडलेले असत, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचे दिवे. दक्षिणेकडचा हिरव्या दिव्यांचा पदर मोकळा ठेवलेला असे. कुणाशी बोलणं होवो न होवो, रेडिओ चालू असो वा बंद, तिथे सरळ उतरायचं. तीन पदर, म्हणजे तीन पडकी विमानं शेजारी-शेजारी येऊ शकत. एवढी रुंदी का, याचं उत्तर हे असं माणसांच्या जिवाशी बांधलेलं आहे. वुडब्रिजला चार हजारांहून अधिक विमानं अशी उतरली. तो आकडा माहीत झाल्यावर त्या १५ मिलिमीटरच्या पट्ट्याकडे मला पूर्वीसारखं पाहता आलं नाही.

पट्ट्याच्या दोन्ही कडांना, अगदी समांतर, केसाएवढ्या दोन रेघा होत्या. त्यांना मी आधी ओरखडे समजलो होतो. ओरखडे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर पडत नाहीत. तिन्ही तळांवर धुकं हटवायची 'फायडो' नावाची यंत्रणा होती : धावपट्टीच्या दोन्ही कडांनी नळ टाकायचे, त्यांतून पेट्रोल जाळायचं आणि त्या उष्णतेने पट्टीवरचं धुकं विरवायचं. तासाला लाखो लिटर पेट्रोल लागे, तरी विमान आणि त्यातली माणसं वाचत, म्हणून ते जाळत. त्या रेघा या नळांच्या असाव्यात असं माझं मत आहे. मात्र 'फायडो' तिन्हीकडे असल्यामुळे त्यावरून तिघांतला एक निवडता येत नाही.

निवड केली ती भोवतालच्या जमिनीने. मॅन्स्टन हा १९१६पासूनचा तळ. रुंद धावपट्टी तिथे नंतर आली, त्यामुळे तिच्या शेजारी जुनं मैदान, जुन्या इमारती, जुने रस्ते असा आधीचा संसार दिसायला हवा. माझ्या फोटोत तसं काही नव्हतं. कार्नाबी सपाट शेतीच्या मुलखात, म्हणजे तिथे दोन्ही बाजूंना शेतांचे चौकोन आणि कुंपणं हवीत. वुडब्रिज मात्र रेंडलशॅमच्या लावलेल्या जंगलात बांधला गेला. त्या पट्ट्यासाठी तिथली दहा लाखांहून जास्त झाडं तोडली गेली. ती जागा निवडली तीही विचारपूर्वक : तिथे धुकं क्वचित येई आणि आसपास मैलोन्मैल उंच अडथळा नव्हता.

ज्या गडद दाणेदार पोताला मी नॉर्मंडीतली कुंपणं म्हणत होतो, तो पुन्हा भिंगाखाली घेतला. आपोआप वाढलेल्या रानात झाडांचे माथे लहान-मोठे असतात, मध्ये फटी असतात, कडा वेड्यावाकड्या असतात. इथे दाणा एकसारखा होता आणि कडा सुरीने कापल्यासारख्या. आतून जाणाऱ्या फिकट रेघा सरळ होत्या आणि एकमेकींना ठरावीक अंतरावर छेदत होत्या. रांगेने लावलेल्या सूचिपर्णी झाडांमधून आगीला अडवायला आणि लाकूड काढायला ठेवलेले ते मोकळे पट्टे होते. कुंपण माणसाच्या उंचीचं असतं आणि झाड त्याच्या कितीतरी पट. पण चुकीच्या प्रमाणात पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून प्रमाण आधी हवं.

पुढचं काम जुळणीचं. सावल्या पट्ट्याला जवळजवळ काटकोनात पडल्या होत्या. त्या अक्षांशावर सूर्य नेहमी दक्षिणेच्या बाजूने जातो, तेव्हा दुपारच्या आसपास सावली उत्तरेला पडते. वुडब्रिजची धावपट्टी पूर्व-पश्चिम. म्हणजे सावली ज्या बाजूला ती उत्तर, आणि फोटो दुपारच्या आसपासचा. प्रिंट सुलटी असल्याचं आधीच ठरलेलं असल्यामुळे पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली, यातही संदेह राहिला नाही.

मग मी जंगलातल्या मोकळ्या पट्ट्यांचे आणि रस्त्यांचे पाच छेदबिंदू निवडले आणि ते नकाशावर शोधले. इथे दोन सावधगिऱ्या घ्याव्या लागतात. एक, युद्धकाळातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या ब्रिटिश नकाशांवर सुरक्षेसाठी विमानतळ दाखवलेलेच नसतात, तिथे कोरी जागा दिसते. म्हणून नकाशात धावपट्टी शोधत बसू नये, तिच्या आजूबाजूचे रस्ते शोधावेत. दोन, आजच्या उपग्रह छायाचित्रातल्या झाडांच्या कडा जुन्या फोटोशी जुळवू नयेत. १५-१६ ऑक्टोबर १९८७च्या रात्री आलेल्या वादळाने रेंडलशॅमच्या जंगलाचा मोठा भाग आडवा केला. आजचं रान हे बरंचसं त्यानंतरचं आहे. झाडं पडतात, नवी लावली जातात, पण रस्ते आणि मधले पट्टे सहसा जागा सोडत नाहीत. पाचपैकी चार बिंदू बरोबर बसले. पाचवा प्रिंटच्या अगदी कोपऱ्यात होता, तिथे भिंगामुळे आणि विमानाच्या किंचित कलण्यामुळे चित्र ताणलं जातं. तो थोडा सरकला. सरकला म्हणून मी तो लपवत नाही, पण त्याने माझा निष्कर्ष हलत नाही.

तारखेची गोष्ट अवघड निघाली. फोटोच्या एका कोपऱ्यात जंगल संपून दोन-तीन शेतं दिसतात. त्यांतल्या एका शेतात भिंगाखाली ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसल्या, पेरलेल्या मोत्यांसारख्या. कापलेल्या धान्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या ढिगांच्या त्या रांगा. कापणी आणि मळणी एकाच यंत्राने होऊ लागण्यापूर्वीच्या हवाई फोटोंत ही खूण हमखास सापडते आणि ती महिनाच सांगून जाते : उन्हाळ्याची अखेर, ऑगस्टच्या आसपास. कोणत्या वर्षाचा ऑगस्ट? वुडब्रिज रीतसर सुरू झाला नोव्हेंबर १९४३मध्ये. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काम चालूच होतं, आणि फोटोतला तळ पूर्ण आणि वापरात दिसतो. म्हणून १९४४. मे १९४५मध्ये युरोपातलं युद्ध संपलं, त्यानंतर एवढे चार इंजिनांचे बॉम्बर तिथे उभे असण्याचं कारण कमी होतं. कमी होतं, शून्य नव्हतं. १९४५ मी पूर्ण पुसून टाकू शकत नाही.

एका विमानाच्या पंखावर फिकट आडवा पट्टा दिसतो, आणि तो पाहून माझंही काळीज धडधडलं. नॉर्मंडीच्या चढाईआधी मित्रराष्ट्रांनी विमानांवर काळे-पांढरे पट्टे रंगवले होते. तो पट्टा तसा असेल तर वर्ष पक्कं. पण हिशेब केला. मोठ्या विमानांवर पाच पट्टे मिळून रुंदी तीन मीटर, या फोटोच्या प्रमाणात ०.२ मिलिमीटर. इतक्या लहान जागेत फिल्मचा दाणा आणि खरा रंग यांत फरक करणं मला जमणार नाही. दुसऱ्या कुठल्याही विमानावर तसा पट्टा नाही. तो पुरावा मी धरलेला नाही.

मग पाठीमागची ती ओळ खोटी होती का? खोटी म्हणायला माझं मन तयार होत नाही. '१९४४' बहुधा बरोबरच आहे. अल्बमच्या त्याच पानावर नॉर्मंडीतले म्हणावेत असे दोन जमिनीवरचे फोटो आहेत. त्यांच्यात भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या अंथरुणावर माणसं उभी दिसतात. कदाचित कुणीतरी खूप नंतर, सगळं पान एकाच ठिकाणचं समजून, एकाच पेन्सिलीने सगळ्यांच्या पाठी लिहून टाकलं असेल. फोटोमागचं लिखाण हा साक्षीदार असतो. त्याचं ऐकून घ्यावं, आणि तो तिथे हजर होता का हेही विचारावं. मी विचारलं नव्हतं.

शेवटची नोंद करताना प्रत्येक गोष्टीला तिची खात्री जोडली. हा ३,००० बाय २५० यार्डांचा आपत्कालीन तळ आहे : खात्रीने. तिघांपैकी वुडब्रिज : खात्रीने, चार छेदबिंदूंच्या आणि लावलेल्या जंगलाच्या आधारावर. वेळ दुपारच्या आसपास : बऱ्यापैकी खात्रीने. महिना ऑगस्ट, मागेपुढे दोन-तीन आठवडे : बऱ्यापैकी खात्रीने. वर्ष १९४४ : संभाव्य. कडेच्या रेघा 'फायडो'च्या नळांच्या : संभाव्य. विमानं लँकॅस्टर की हॅलिफॅक्स : अनिर्णित.

हे लिहून मी काकांना दाखवलं. त्यांनी 'अनिर्णित'वर बोट ठेवलं, मान हलवली आणि म्हणाले, "आता वुडब्रिजच्या त्या जुलैची गोष्ट वाच." मी वाचली. १३ जुलै १९४४च्या पहाटे एक जर्मन रात्रलढाऊ विमान, युंकर्स ८८, वाट चुकून याच पट्टीवर उतरलं. आपल्याच तळावर आलो, असं त्याच्या वैमानिकाला वाटलं होतं. ब्रिटिशांना त्यात जर्मनांची तोवर हाती न लागलेली रडार यंत्रणा आयती मिळाली, आणि तिला चकवण्याचे उपाय लगेच सुरू झाले. माझा ऑगस्टचा अंदाज खरा असेल तर फोटो त्या पहाटेनंतर साधारण महिन्याभराचा आहे.

परिचितांना प्रिंट परत देताना जुनी ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहिलं : 'वुडब्रिज, सफोक. बहुधा ऑगस्ट १९४४. प्रमाण सुमारे १ : १५,०००, विमानांच्या पंखांवरून.' आणि त्यापुढे ती नोंद केल्याची तारीख.